पिंजऱ्यात मागे राहणाऱ्या मांजरांना फॉस्टर घरे आधी द्या: प्राणी निवारा केंद्रांच्या विश्वस्तांना आणि व्यवस्थापकांना खुले पत्र

प्रति,
प्राणी निवारा केंद्रांचे विश्वस्त, व्यवस्थापक आणि दत्तक विभागाचे प्रमुख यांस,

सविनय नमस्कार.

शेल्टरमधील मांजरे काही काळ स्वयंसेवकांच्या घरी सांभाळायला देण्याची, म्हणजेच फॉस्टरिंगची, पद्धत आपल्यापैकी अनेकांनी स्वीकारली आहे आणि तिच्यामुळे किती जीव वाचले हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. तरीही ती ज्या क्रमाने वापरली जाते त्याबद्दल माझी तक्रार आहे आणि ती स्पष्टपणे मांडावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. फॉस्टर घरे सर्वांत आधी पिल्लांना मिळतात. उरली तर मोठ्या मांजरांचा विचार होतो, आणि ती सहसा उरत नाहीत. परिणामी ज्या मांजरांना पिंजऱ्यातून थेट दत्तक जाण्याची शक्यता सर्वांत कमी, तीच पिंजऱ्यात सर्वांत जास्त काळ राहतात. हा क्रम बदलावा, निदान दूध सुटलेली निरोगी पिल्ले आणि मागे राहिलेली प्रौढ मांजरे यांच्यात निवड करायची वेळ येईल तेव्हा तरी तो उलटा करावा, अशी माझी विनंती आहे.

मागे राहणारी मांजरे कोणती, हे आपल्या कोणत्याही कर्मचाऱ्याला विचारले तर तो नोंदवही न उघडता सांगेल. दहा वर्षांपुढची मांजरे; मालकाच्या निधनामुळे किंवा घर बदलल्यामुळे एकाएकी केंद्रात येऊन पडलेली; माणूस दिसताच मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसणारी; हात पुढे केला की फिस्कारणारी; एका डोळ्याची, तीन पायांची, बहिरी; रोज औषध लागणारी; एकमेकांवाचून न राहणाऱ्या जोड्या; आणि ज्यांच्यात काहीच उणे नाही, पण ज्यांच्यापाशी कुणी थबकत नाही अशी साधी काळी किंवा करड्या पट्ट्यांची प्रौढ मांजरे. काळ्या मांजरांविषयी मात्र थोडे सावधपणे बोलले पाहिजे. त्यांना घर मिळायला अधिक वेळ लागतो की नाही याबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, आणि काळा रंग मांजरांत मुळातच खूप आढळत असल्यामुळे केंद्रात काळी मांजरे जास्त दिसणे स्वाभाविकही आहे. अपशकुनाच्या समजुतीवर सगळे खापर फोडणे सोपे असते. माझ्या मते पुष्कळदा कारण त्याहून साधे असते: अंधाऱ्या पिंजऱ्याच्या मागच्या भिंतीला टेकलेले काळे मांजर येणाऱ्याला धड दिसतच नाही.

या मांजरांचे स्वभाव वेगळे, वये वेगळी, आजार वेगळे. त्यांना सारखीच नडणारी गोष्ट म्हणजे पिंजरा. मांजर हे आपल्या जागेत मुरलेले जनावर आहे, तिथला प्रत्येक कोपरा ते वासाने ओळखते. शिवाय ते शिकारी असले तरी स्वतःपेक्षा मोठ्या प्राण्यांचे भक्ष्यही आहे, म्हणून भीती वाटली की आधी पळायचे, पळता आले नाही तर लपायचे आणि लपताही आले नाही तर निश्चल व्हायचे, ही त्याची उपजत रीत असते. पिंजऱ्यात यातले पहिले दोन मार्ग बंद होतात. मग भोवती कुत्र्यांचे भुंकणे, जंतुनाशकाचा दर्प आणि अनोळखी माणसांची ये-जा चालू असताना ते मांजर डोळे अर्धवट मिटून दगडासारखे बसून राहते, आणि पाहणारा म्हणतो की याला माणसांची आवड दिसत नाही. शी-शूसाठी ठेवलेल्या मातीच्या ट्रेमध्ये झोपणारे मांजर पाहून लोक त्याला घाणेरडे समजतात. खरे पाहता त्या पिंजऱ्यात चारही बाजूंनी आडोसा असलेली तेवढी एकच जागा त्याला सापडलेली असते.

हे केवळ माझे निरीक्षण नाही. केसलर आणि टर्नर यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या, मांजरांच्या पाळणाघरांत झालेल्या अभ्यासात नव्या जागी आलेल्या मांजरांचा ताण साधारण दोन आठवड्यांच्या काळात हळूहळू उतरत गेला, पण काही थोडी मांजरे तेवढ्या काळातही रुळली नाहीत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील एका अभ्यासात केंद्रात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी काहींना लपण्यासाठी खोके दिले गेले आणि काहींना दिले गेले नाही. खोके मिळालेली मांजरे पहिल्या काही दिवसांतच इतरांपेक्षा लवकर सावरली. एका खोक्याने एवढा फरक पडत असेल, तर दार लावून घेता येईल अशा शांत खोलीने किती पडेल याचा आपण विचार करावा. आणि ज्या केंद्रांत अजून प्रत्येक पिंजऱ्यात खोके नाही, त्यांनी या पत्राचा उरलेला भाग वाचण्याआधी ते ठेवावे, कारण त्यासाठी कोणत्याही समितीची मंजुरी लागू नये.

ताण केवळ वागण्यात दिसतो असे नाही. मांजरांमधील हर्पिस विषाणूचा संसर्ग एकदा झाला की तो बहुतेक मांजरांच्या शरीरात आयुष्यभर सुप्त राहतो आणि जागा बदलण्यासारख्या ताणामुळे पुन्हा डोके वर काढतो. शिंका सुरू होतात, डोळे गळू लागतात, आणि नियमाप्रमाणे त्या मांजराला विलगीकरणात हलवावे लागते, जिथे दत्तक घेण्यासाठी आलेल्यांना प्रवेश नसतो. बरे होऊन ते बाहेर येते तोवर त्याचा मुक्काम वाढलेला असतो, मुक्काम वाढला की पुन्हा आजारी पडण्याची संधी वाढते, आणि इतके दिवस इथेच आहे म्हणजे नक्कीच काहीतरी दोष असणार, असा समज भेट देणाऱ्यांत आणि कधी कधी कर्मचाऱ्यांतही घट्ट होतो. नाक चोंदले की अन्नाचा वास येत नाही आणि वास आला नाही की मांजर खात नाही. दोन-तीन दिवसांहून अधिक उपास पडला, विशेषतः अंगाने जड असलेल्या मांजराला, तर यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते. बुजून न खाणारे मांजर हा म्हणूनच आणीबाणीचा विषय आहे, आणि घरातल्या शांततेत तेच मांजर रात्री सगळे निजल्यावर ताटली साफ करते, हा फॉस्टर करणाऱ्या अनेकांचा अनुभव आहे.

पिल्लांची गरज मी नाकारत नाही. आईविना आलेल्या नवजात पिल्लाला स्वतःच्या शरीराची ऊब टिकवता येत नाही, त्याला दर दोन-तीन तासांनी बाटलीने खास पिल्लांचे दूध पाजावे लागते आणि शी-शूसाठीसुद्धा ओल्या कापसाने चोळून मदत करावी लागते. रात्री कुलूप लागणाऱ्या केंद्रात हे होऊ शकत नाही. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा काळ मांजराला माणसांची सवय लागण्याचा असतो आणि तो पिंजऱ्यात वाया घालवणे म्हणजे पुढे बुजरे प्रौढ मांजर तयार करणे. त्यामुळे तान्ह्या पिल्लांचा फॉस्टर घरांवरचा हक्क निर्विवाद आहे. माझा आक्षेप त्यापुढच्या टप्प्याविषयी आहे. खाऊ लागलेली, ठरलेल्या लसी टोचून झालेली, आल्यागेल्याच्या बोटांशी खेळणारी पिल्ले जगातल्या जवळपास कोणत्याही केंद्रातून लवकर जातात, आणि संसर्गाच्या दृष्टीनेही त्यांनी लवकर कायमच्या घरी जावे हेच बरे. ती फॉस्टर घरात केवळ सोयीसाठी आणखी काही आठवडे थांबतात तेव्हा त्या खोलीत येऊ शकणारे आठ वर्षांचे मांजर पिंजऱ्यातच राहते.

घरेच कमी आहेत, असे आपण म्हणाल. ती कमी आहेत, पण आपण जी मागता ती कमी आहेत. फॉस्टर हवेत असे आवाहन करताना जवळजवळ प्रत्येक केंद्र बाटलीने दूध पिणाऱ्या पिल्लाचे छायाचित्र लावते, आणि ते पाहून नोकरी करणारा माणूस, एकटे राहणारे ज्येष्ठ नागरिक किंवा झोपेची फार गरज असलेला कुणीही, हे आपल्याच्याने होणार नाही असे म्हणून पुढे जातो. प्रौढ मांजराला एक शांत खोली लागते, लपायला जागा लागते, खाण्यापासून दूर ठेवलेला मातीचा ट्रे लागतो आणि दिवसातून काही वेळ जवळ बसून न्याहाळणारा, पण हात पुढे न करणारा माणूस लागतो. दिवसभर घर रिकामे असले तरी त्याचे अडत नाही, उलट बुजऱ्या मांजराला ते आवडतेच. आणखी एक गोष्ट व्यवस्थापनाच्या लक्षात आणून द्यावीशी वाटते. पॅनल्युकोपेनिया या पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या संसर्गजन्य रोगाचा विषाणू घरात वर्षभरसुद्धा तग धरू शकतो, म्हणून ज्या घरात तो एकदा येऊन गेला तिथे लसीकरण पूर्ण न झालेली पिल्ले पाठवता येत नाहीत, आणि असे स्वयंसेवक आपल्या यादीतून कायमचे गळतात. लसीकरण झालेल्या प्रौढ मांजराला या रोगापासून चांगले संरक्षण असते. आपल्या पशुवैद्यांचा सल्ला घेऊन ही बंद पडलेली घरे प्रौढ मांजरांसाठी उघडता येतील.

फॉस्टर घरातून येणारी खरी मिळकत म्हणजे माहिती, आणि तिची किंमत आपल्याकडे अजून पुरेशी ओळखली गेलेली नाही. पिंजऱ्यावरच्या कार्डावर ‘बुजरी, अनुभवी घर हवे’ असे लिहिले की ते वाचणारा स्वतःला अनुभवी समजत नसल्यामुळे निघून जातो. त्याच मांजरीबद्दल फॉस्टर करणारी व्यक्ती सांगू शकते की पहिला आठवडा ती कपाटाच्या मागे होती, दुसऱ्या आठवड्यात दोरीच्या खेळासाठी बाहेर आली, आता संध्याकाळी पायाशी येऊन झोपते, उचलून घेतलेले तिला चालत नाही, घंटीचा आवाज आला की लपते, आणि घरातल्या दुसऱ्या मांजराशी आधी चादरींची अदलाबदल करून वासाची ओळख करून दिल्यावर तिचे जमले. यात कुठेही तिची भलामण नाही, आणि म्हणूनच त्यावर विश्वास बसतो. दत्तक जाहिरातींत मांजराच्या तोंडी घातलेल्या कविता आणि ‘मला कुणीच का निवडत नाही’ छापाचे विलाप आता थांबवावेत, असे मला मनापासून वाटते. दयेपोटी नेलेले मांजर आणि स्वभाव जुळून नेलेले मांजर यांत नवीन घराच्या अपेक्षांचा मोठा फरक असतो. छायाचित्रे मात्र घरातलीच असावीत: खिडकीच्या उजेडात, मांजराच्या डोळ्यांच्या पातळीवरून, काळे मांजर असेल तर फिकट रंगाच्या पार्श्वभूमीवर.

म्हणून दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांची भेट शक्यतो फॉस्टर घरातच घडवावी आणि फॉस्टर करणाऱ्याला त्या निवडीत मत असावे. आलेल्या पाहुण्यांना जमिनीवर बसायला सांगावे, मांजराकडे टक लावून न पाहता डोळे सावकाश मिटून उघडायला सांगावे. ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले आहे की माणसाने असे केले की मांजरे बहुधा तसाच प्रतिसाद देतात आणि अनोळखी माणसाच्या जवळ यायलाही अधिक तयार होतात. हे पिंजऱ्याच्या गजांतून, मागे रांग उभी असताना, होत नाही. अंतिम निर्णय केंद्राचा असावा हे मला मान्य आहे, कारण फॉस्टर करणाऱ्याचा जीव गुंतलेला असतो आणि त्याला कोणतेच घर पुरेसे चांगले वाटत नाही. काही जण शेवटी स्वतःच त्या मांजराला ठेवून घेतात. एक घर कमी झाले म्हणून हळहळण्यापेक्षा, ज्याला कुणी पाहत नव्हते त्याला घर मिळाले, असे त्याकडे पाहावे.

आजारी आणि अपंग मांजरांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण इथे गैरसमज सर्वांत जास्त नुकसान करतात. एफआयव्ही हा मांजरांची रोगप्रतिकारशक्ती कमी करणारा विषाणू १९८६ साली प्रथम वेगळा करण्यात आला. तो माणसाला होत नाही, मांजरांत तो मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो, आणि लागण झालेली अनेक मांजरे वर्षानुवर्षे चांगले आयुष्य जगतात. तरी कार्डावरची ती तीन इंग्रजी अक्षरे वाचून लोक मागे सरकतात. लागण झालेल्या मांजरीच्या पिल्लांत आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे चाचणी सकारात्मक येऊ शकते, म्हणून सहा महिन्यांच्या वयानंतर ती पुन्हा केल्याशिवाय त्यांच्यावर शिक्का मारू नये. फेलाइन ल्युकेमियाचा विषाणू वेगळा आहे. तो लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून आणि एकाच भांड्यात खाण्यातूनही पसरतो आणि अधिक घातक आहे, पण अशा मांजरांनाही दुसरे मांजर नसलेल्या घरात सुखाचा काळ मिळू शकतो. गर्भात असताना पॅनल्युकोपेनियाच्या विषाणूमुळे लहान मेंदूची वाढ खुंटलेली पिल्ले झोकांड्या खात चालतात. ते पाहायला कठीण वाटते, पण ही अवस्था वाढत जाणारी नसते आणि त्यात वेदनाही नसतात. मधुमेही मांजराला साधारणपणे दिवसातून दोनदा इन्सुलिन द्यावे लागते आणि ते टोचणे शिकायला लोकांना वाटते त्याहून फारच कमी वेळ लागतो. हे सगळे कार्डावर मावणार नाही. त्यासाठी पशुवैद्याने किंवा जाणत्या कर्मचाऱ्याने इच्छुकासमोर बसून पुढच्या वर्षभरात काय करावे लागेल आणि त्याला अंदाजे किती खर्च येईल हे सांगायला हवे, आणि फॉस्टर करणाऱ्याने औषध कसे द्यायचे ते त्याच मांजरावर करून दाखवायला हवे.

म्हाताऱ्या मांजरांच्या बाबतीत मी आणखी पुढे जाऊन एक सूचना करतो. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे किंवा ज्यांचे आयुष्य थोडेच उरले आहे, त्यांना कायमच्या फॉस्टरवर द्यावे, म्हणजे घर स्वयंसेवकाचे आणि वैद्यकीय खर्च व जबाबदारी केंद्राची. पुष्कळ लोकांना, विशेषतः स्वतः उतारवयात असलेल्यांना, म्हातारे मांजर हवे असते. भीती असते ती उपचारांच्या बिलाची आणि आपल्यानंतर त्याचे काय होईल याची. या दोन्हींची लेखी हमी केंद्र देऊ शकते. ते मांजर पिंजऱ्यात राहिले असते तरी तो खर्च केंद्रावर पडलाच असता.

दत्तक शुल्काबद्दल थोडक्यात. फुकट दिले तर लोक किंमत ठेवणार नाहीत, ही शंका मी विश्वस्तांच्या तोंडून वारंवार ऐकली आहे. प्रौढ मांजरे शुल्क घेऊन आणि शुल्काशिवाय दत्तक दिलेल्या लोकांची तुलना करणारा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात मालकांच्या मांजराशी असलेल्या जिव्हाळ्यात उल्लेखनीय फरक आढळला नाही. दीर्घकाळ राहिलेल्या मांजरांचे आणि जोड्यांतल्या दुसऱ्या मांजराचे शुल्क माफ करावे. चौकशी मात्र तेवढीच कसून करावी.

काही दत्तके परत येतील आणि येऊ द्यावीत. परत आणणाऱ्याला केंद्राच्या दारात ओशाळे वाटले, तर पुढचा माणूस मांजर परत आणण्याऐवजी रस्त्यावर सोडून मोकळा होईल. बहुतेक परती पहिल्या काही दिवसांतल्या अपेक्षाभंगातून होतात: मांजर पलंगाखालून बाहेर येत नाही, रात्री ओरडते, घरातल्या जुन्या मांजराने त्याला ओचकारले. तिसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या आठवड्यात फॉस्टर करणाऱ्याने एक फोन केला तर यातले बरेच काही तिथल्या तिथे सुटते. घरात कुणी गरोदर राहिल्यामुळे मांजर परत देणारी कुटुंबेही असतात. त्यांना भीती असते ती टोक्सोप्लाझ्मोसिसची, म्हणजे मांजराच्या विष्ठेतून पसरू शकणाऱ्या आणि गर्भाला अपाय करू शकणाऱ्या संसर्गाची. त्याच्या बीजांना विष्ठेतून बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, तेव्हा दुसऱ्या कुणी ट्रे रोजच्या रोज साफ केला तर धोका खूप कमी होतो, एवढे समजावून सांगितल्यावर पुष्कळांचे मन बदलू शकते. आणि ज्याचे खरोखरच जमले नाही त्याच्याकडून काय घडले ते लिहून घ्यावे, कारण त्या घरात मांजर कसे वागले ही नोंद पुढच्या घरासाठी मोलाची असते.

फॉस्टरिंग प्रत्येक मांजराचे उत्तर नाही, हेही नमूद करतो. माणसांशिवाय वाढलेले, पूर्ण वयाचे रानटी मांजर एखाद्याच्या खोलीत कोंडून माणसाळवण्याचा अट्टहास म्हणजे त्याचा छळ आहे. त्याची नसबंदी आणि लसीकरण करून, जिथे कुणी रोज खायला घालते अशा त्याच्या ओळखीच्या जागी सोडणे हाच उपाय. घाबरलेले पाळीव मांजर आणि रानटी मांजर पिंजऱ्यात हुबेहूब सारखे दिसतात, म्हणून हा निवाडा पहिल्या दिवशी करू नये.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. प्रत्येक मांजर किती दिवसांपासून केंद्रात आहे याची यादी दर आठवड्याला मुक्कामाच्या क्रमाने तयार करावी आणि ती कार्यालयातल्या संगणकात न ठेवता सर्व कर्मचारी आणि फॉस्टर स्वयंसेवक यांच्यापर्यंत पोचवावी. तान्ह्या पिल्लांची सोय झाल्यावर मोकळे होणारे पुढचे प्रत्येक घर त्या यादीतल्या वरच्या मांजराला देऊ करावे, आणि ते देता आले नाही तर कारण लिहावे. सहा महिन्यांनी त्या यादीतले सरासरी दिवस आधीच्या सहा महिन्यांशी ताडून पाहावेत. फरक पडला नसेल तर माझी मागणी चुकीची होती असे आपण मला खुशाल कळवा. प्रौढ मांजरे सांभाळायला तयार असलेल्यांना शिकवण्यासाठी, त्यांच्या घरी जाऊन खोली लावून देण्यासाठी आणि पहिल्या आठवड्यात त्यांचे फोन घेण्यासाठी माझ्यासारखे जुने स्वयंसेवक वेळ द्यायला तयार आहेत. यादी हाती आली की आम्ही कामाला लागू.

आपला नम्र,
प्रौढ मांजरांचा एक फॉस्टर स्वयंसेवक